मुळांना हवा हवी

प्रश्न ऐरोलीहून आलाय. ताईंनी मे महिन्यात सहा झाडं आणली: दोन अग्लोनेमा, एक झीझी, एक स्नेक प्लांट, एक पीस लिली आणि मनी प्लांट. सगळी चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांत लावली. कुंड्यांना भोक नव्हतं, म्हणून तळाला दोन इंच गोटे घातले, वर नर्सरीतून आणलेली लाल माती भरली. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना यांनाही अर्धा-अर्धा पेला पाणी. जुलै संपेपर्यंत दोन्ही अग्लोनेमा आणि झीझी गेले. पीस लिलीने मान टाकलीय, स्नेक प्लांट बुडातून हलतोय, मनी प्लांटची पानं पिवळी पडताहेत. त्या विचारतात, "पाणी तर मोजकंच घालत होते, मग चुकलं कुठे? आणि आता नेमकी कुठली माती घेऊ?"

ताई, किती पाणी घातलं हा प्रश्न नंतरचा. तुमच्या झाडांची मुळं गुदमरली. मी ठाण्यात गेली १८ वर्षं लोकांच्या घरातल्या आणि ऑफिसातल्या झाडांची निगा राखते, आणि दर पावसाळ्यात जी झाडं माझ्याकडे येतात त्यांतली बहुतेक याच कारणाने आलेली असतात. मूळ श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळीत जी हवा असते त्यावर ते जगतं. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू तो पाण्यातून पसरतो. आधी मुळांची कोवळी टोकं मरतात. मग त्या मेलेल्या भागावर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओलीत वाढणारे रोग चढतात आणि सड वर सरकत जाते.

यात फसगत अशी होते की मुळं मेली की माती ओलीचिंब असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही. पानं लोंबतात, झाड तहानलेलं दिसतं, आणि आपण मायेने आणखी पाणी घालतो. तुमच्या पीस लिलीचं अगदी हेच चाललंय. कोणी म्हणेल, मनी प्लांट तर नुसत्या पाण्याच्या बाटलीत जगतो. जगतो, पण ती मुळं पाण्यातच फुटलेली असतात आणि बाटलीतलं पाणी आपण बदलत राहतो. मातीत वाढलेल्या मुळांना तुंबलेला चिखल झेपत नाही.

हे वाचून झाल्यावर पीस लिली कुंडीतून हळूच बाहेर काढा. मुळांची मोळी हातात घ्या, नाकाजवळ न्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तुमच्या मातीला गटारासारखा वास येईल, असा माझा अंदाज आहे. मग एक तपकिरी मूळ दोन बोटांत धरून ओढा. जिवंत मूळ पांढरं, टणक आणि चिवट असतं. सडलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत शिवायच्या दोऱ्याएवढा बारीक धागा उरतो. हे एकदा पाहिलंत की पुन्हा कोणी सांगावं लागणार नाही.

आता गोट्यांचं. तळाला खडे घातले की निचरा होतो, हे आपल्याकडे इतकं खोल रुजलंय की माळीही तेच सांगतात. भांडी घासायचा कोरा, चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि हातावर आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. न पिळता, न हलवता. स्पंज तोच, पण उंची वाढली की खालच्या टोकाला पाण्याचा भार वाढतो आणि ते सुटतं. तरीही अगदी खालच्या बोटभर भागात पाणी अडकून राहतंच.

कुंडीतही तसंच होतं. प्रत्येक मिश्रणात, तळाशी, पाण्याने भरलेला एक पट्टा राहतो. त्याची उंची मिश्रणातले कण किती बारीक आहेत त्यावर ठरते. बारीक माती असेल तर पट्टा उंच, जाडसर असेल तर बुटका. तळाला गोटे घातले म्हणून तो पट्टा खाली जात नाही. बारीक मातीतलं पाणी, माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत, खालच्या मोठ्या पोकळीत उतरतच नाही. म्हणजे तो ओला पट्टा उचलून गोट्यांच्या वर बसतो. आठ इंचांच्या कुंडीत दोन इंच गोटे घातले तर मुळांना सहा इंच माती राहिली आणि त्यातली खालची दोन-तीन इंच कायम ओली. तुमच्या कुंड्यांना भोकच नव्हतं, त्यामुळे गोट्यांमध्ये जे पाणी उतरलं तेही तिथेच साचलं. रोजचा अर्धा पेला तीन महिने त्यात भर घालत होता.

भोकावर खापरीचा एक पालथा तुकडा किंवा डासांच्या जाळीचा चौकोन ठेवायला हरकत नाही, माती वाहून जात नाही. थर नको. याच कारणाने पसरट, उथळ कुंड्याही घरातल्या मोठ्या पानांच्या झाडांना सोसत नाहीत. त्यांत ओल्या पट्ट्याचा वाटा जास्त असतो.

लाल मातीबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण ती वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या कोकणपट्टीची ती माती, आंबा-काजू-जास्वंद त्यावरच वाढतात. गावी आजीच्या परसात ती उत्तम चालते कारण तिथे गांडुळं आहेत, मुंग्या आहेत, जुन्या मुळांनी सोडलेल्या नळ्या आहेत, आणि खाली कितीतरी फूट तीच माती सलग आहे, पाण्याला खाली ओढून नेणारी. कुंडीत ती सलगता आठव्या इंचावर तुटते. गांडुळं नाहीत. रोजच्या पाण्याने मातीचे गोळे फुटतात, बारीक कण खाली बसतात आणि चार महिन्यांत कुंडीत वीट तयार होते. मे महिन्यात हीच माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली येतं आणि लोकांना वाटतं, वा, काय निचरा आहे! आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत असतो. असं झालं तर कुंडी बादलीत अर्धा तास बुडाशी भिजत ठेवायची, दुसरा इलाज नाही.

नर्सरीतून आणलेल्या झाडाचा स्वतःचा गोळाही तपासा. आपल्याकडे विकायला येणारी बरीच झाडं बाहेरून येतात, काही पुण्याकडून, काही आंध्रातल्या कडियममधून. दूरच्या प्रवासात मुळं सुकू नयेत म्हणून ती अनेकदा घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा तसाच ठेवून भोवती कितीही भारी मिश्रण भरलं तरी मधला गोळा दगडासारखा राहतो. आसपासचं मिश्रण वाळतं, गोळा ओला, नाहीतर उलट. मी तो बादलीत तासभर भिजवते, मग बोटांनी हळूहळू सोडवते. दोन-तृतीयांश माती निघाली तरी पुरे, मुळं ओरबाडायची नाहीत.

तर मग काय भरायचं? मी घरातल्या पानांच्या झाडांसाठी दहा वाट्यांचा हिशेब धरते: चार वाट्या कोकोपीट, दोन परलाइट, दोन भाजलेलं भाताचं तूस किंवा विटांचे तुकडे, आणि दोन वाट्या गांडूळखत. अग्लोनेमा, पीस लिली, मनी प्लांट, फिलोडेन्ड्रॉन सगळे यात खूश असतात. स्नेक प्लांट, झीझी, जेड यांना याहून कोरडं लागतं: पाच वाट्या विटांचे तुकडे आणि परलाइट मिळून, तीन कोकोपीट, दोन गांडूळखत. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात तो पाणी साठवून ठेवतो. म्हणूनच तुमचा झीझी आधी गेला. त्याला दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळालं तरी चालतं.

या प्रत्येक वस्तूची एक खोड आहे. कोकोपीट म्हणजे काथ्या काढताना उरणारा नारळाच्या सोडणाचा भुगा. ५ किलोची वीट पाण्यात फुगून साधारण ७० लिटर होते, छोटी ६५० ग्रॅमची ८-९ लिटर. त्यात क्षार असतात, म्हणून स्वस्त वीट आणलीत तर फुगवून दोन-तीन पाण्यांनी धुवा. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तिसरं फिकं झालं की थांबा. कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि त्याच्यात पोषण जवळजवळ नसतं, त्यामुळे नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं झाड सहा महिन्यांत फिकट पडतं. आणि नुसतं कोकोपीट पावसाळ्यात ओल्या रजईसारखं होतं. ते निम्म्याहून कमी ठेवा.

परलाइट हा ज्वालामुखीच्या काचेचा, भट्टीत फुलवलेला लाहीसारखा खडा. पिशवी पूर्ण उघडण्याआधी कोपऱ्यातून आत थोडं पाणी शिंपडा आणि नाकाला रुमाल बांधा, त्याची धूळ घशाला त्रास देते. भाताचं तूस कर्जत-पनवेलकडच्या भातगिरण्यांवर मिळतं. काळं होईपर्यंत भाजलेलं घ्या, राख झालेलं नको. कच्चं तूस कुजताना नत्र खातं. विटांचे तुकडे मला परलाइटइतकेच प्रिय आहेत: जड असल्याने कुंडी कलंडत नाही आणि तुकडा स्वतः थोडं पाणी धरतो. भट्टीची कोरी वीट फोडायची, हरभऱ्यापासून वाटाण्याएवढे तुकडे ठेवायचे, आणि गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडतं ते अजिबात वापरायचं नाही. ती पूडच पोकळ्या बुजवते. पाडलेल्या भिंतीच्या विटा नकोत, त्यांना चिकटलेलं सिमेंट मातीचा आम्ल-अल्क तोल बिघडवतं.

वाळूबद्दल हमखास विचारतात. बारीक वाळू मातीत मिसळली की निचरा वाढत नाही, उलट ती पोकळ्यांत जाऊन बसते. खाडीच्या वाळूत मीठ असतं. बांधकामावरच्या क्रश सँडमध्ये दगडाची पूड असते. तिन्ही टाळा. लाकडी कोळशाने माती शुद्ध होते असं सांगतात, मला त्याचा उपयोग एक हलका खडबडीत तुकडा म्हणूनच दिसलाय, घातला तर चालेल. गांडूळखत मात्र हात सैल सोडून घालू नका. ते बारीक असतं, चौथ्या हिश्श्याच्या वर गेलं की मिश्रण पुन्हा चिकट.

कोणाच्याही कृतीवर, माझ्याही, डोळे मिटून विश्वास ठेवायची गरज नाही. घरीच मोजता येतं. लिटरभराचा उंच प्लास्टिकचा डबा घ्या, पसरट नको. तळाला चार-पाच भोकं पाडून बाहेरून चिकटपट्टी लावा. मिश्रण काठोकाठ भरून डबा दोन-तीनदा ओट्यावर आपटा, पुन्हा भरा. आता पाणी सावकाश, काठाकाठाने ओतत राहा. वर पाण्याचा पापुद्रा दिसला की अर्धा तास थांबा, खाली गेलं तर पुन्हा घाला. मग डबा परातीवर धरून पट्टी काढा आणि अर्धा तास निथळू द्या. परातीतलं पाणी मापाच्या कपाने मोजा. जितकं पाणी निघालं तितकी जागा आता हवेने भरली. १ लिटरच्या डब्यातून १५० मिलिलिटर निघालं तर १५ टक्के हवा. १०० च्या खाली असेल तर ते मिश्रण मी आपल्या दमट हवेत घरात वापरत नाही. मनी प्लांट, पीस लिलीला १५० ते २००, स्नेक प्लांट, झीझीला २०० च्या वर. तुमच्या लाल मातीवर हा प्रयोग आधी करा आणि आकडा लिहून ठेवा. मग नव्या मिश्रणावर करा.

कुंड्या टाकून देऊ नका. दोन मार्ग आहेत. ड्रिल असेल तर टाइल्सचं बिट लावा, हॅमर मोड बंद ठेवा, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही, आणि सतत थोडं पाणी सोडत, दाब न देता भोक पाडा. नाहीतर ती कुंडी नुसतं बाहेरचं आवरण म्हणून वापरा. झाड प्लास्टिकच्या साध्या, तळाला भरपूर भोकं असलेल्या कुंडीत लावायचं आणि ती आत ठेवायची. तुमचे गोटे इथे कामाला येतील: आतली कुंडी त्यांच्यावर टेकवा, म्हणजे ती पाण्यात बसणार नाही. भोक असलेली कुंडी सपाट लादीवर टेकली तरी भोक बंद होतं. खाली बाटलीची तीन झाकणं ठेवली तरी काम होतं.

मला माहीत आहे, ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, भोकं बुजवण्यामागे बहुतेकदा खालच्या मजल्यावरची तक्रार असते. वाळत घातलेल्या चादरीवर लाल पाणी पडलं की भांडण ठरलेलं. माझ्या एका ग्राहकांनी वीस कुंड्यांची भोकं सिमेंटने बुजवली आणि दोन पावसाळ्यांत अठरा झाडं गेली. त्यापेक्षा कुंड्या बाथरूममध्ये न्या, भरपूर पाणी घाला, अर्धा तास निथळू द्या आणि जागेवर आणा. हलक्या मिश्रणामुळे कुंडी उचलायलाही जड होत नाही.

पाणी घालण्याची रीतही बदलावी लागेल. तुळस उन्हात असते, तिचं पाणी दिवसात उडून जातं. घरातल्या झाडाला रोज थोडं थोडं पाणी म्हणजे वरचा इंच ओला, खालचा पट्टा कधीच मोकळा नाही. त्याऐवजी एकदा खालून धार लागेपर्यंत घाला. पाणी खाली उतरताना वरून ताजी हवा आत ओढून घेतं, तीच मुळांना लागते. मग वाळेपर्यंत हात लावू नका. वाळलं की नाही हे बघायला जळून गेलेल्या उदबत्तीची काडी बुडापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी काळपट ओली निघाली तर आज पाणी नाही. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत हवाच इतकी ओली असते की पानांतून पाणी फारसं उडत नाही, ऊनही नसतं. मे महिन्यात ज्या पीस लिलीला दर तिसऱ्या दिवशी पाणी लागतं, तिला जुलैत आठ-दहा दिवस लागत नाही.

बशीतलं पाणी त्याच दिवशी ओता. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवड्यात-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येऊन कुंडीखालच्या बश्या बघतात ती यासाठीच. त्यांना आत येऊ द्या.

आता तुमच्या उरलेल्या तिघांचं. पीस लिली बाहेर काढून नळाखाली मुळं स्वच्छ धुवा. स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने मऊ, तपकिरी मुळं कापून टाका, पांढरी ठेवा. मुळं निम्मी गेली असतील तर खालची जुनी पानंही काढा, उरलेल्या मुळांना तेवढा भार पेलत नाही. नवी कुंडी मोठी नको. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, कारण मोठ्या कुंडीतलं जास्तीचं ओलं मिश्रण प्यायला मुळंच नाहीत. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा. नवं पान दिसेपर्यंत खत अजिबात नाही. पावसाळ्यात कुंडी बदलू नये हा नियम निरोगी झाडासाठी आहे, सडणाऱ्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही.

मनी प्लांटची दोन-तीन पेरांची निरोगी टोकं कापून पाण्यात ठेवा, मुळं फुटली की नव्या मिश्रणात लावा. मूळ झाड सुधारलं तर उत्तमच. स्नेक प्लांट बुडातून हलतोय म्हणजे कंद मऊ झालाय. मऊ भाग कापून टाका. कंद पूर्ण गेला असेल तर टणक पानांचे चार-चार इंचांचे तुकडे करा, खालची बाजू कुठली हे पेनाने खूण करून ठेवा, दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या आणि मग खालचीच बाजू मातीत खोचा. उलटा तुकडा मुळं धरत नाही. पिवळ्या काठाची जात असेल तर एक गोष्ट आधीच सांगते: पानाच्या तुकड्यातून येणारी पिल्लं साधी हिरवी येतात, पिवळा काठ फक्त कंदातून फुटलेल्या पिल्लात टिकतो. म्हणून कंदाचा बोटभर जरी टणक तुकडा उरला असेल तर तो आधी वाचवा.

उरलेली लाल माती टाकू नका. ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं की गच्चीवर किंवा बाल्कनीत जुन्या चादरीवर पातळ पसरून चार-पाच दिवस चांगली तापवा, ढेकळं फोडा. मग एक भाग ही माती, एक भाग शेणखत आणि एक भाग विटांचे तुकडे असं मिसळून उन्हात राहणाऱ्या तुळशीला, मोगऱ्याला, जास्वंदीला घाला. सडलेल्या झाडाच्या कुंडीतली माती मात्र घरातल्या झाडांना परत वापरू नका.